अथेन्सचं अगोरा म्युझियम: विहिरी उपसून वर आलेलं शहर

अथेन्ससाठी हातात एकच दिवस असेल तर अक्रोपोलिस बघाच, त्यात वाद नाही, पण त्याच दिवसातले दोन-तीन तास खाली अगोराच्या म्युझियमसाठी राखून ठेवा असं मी अगदी मनापासून सांगेन. आपल्याकडचे बरेच लोक टूरबरोबर येतात, वर पार्थेनॉनसमोर फोटो काढतात, खाली येऊन प्लाका या जुन्या वस्तीत जेवतात आणि संध्याकाळी बेटावर जायची बोट पकडतात. अगोरा राहूनच जातं किंवा लांबून दाखवलं जातं, "ते बघा, तिथे सॉक्रेटिस फिरायचा", की झालं. मला हे फार खटकतं, कारण या शहरात माणसं प्रत्यक्षात कशी राहत होती, काय खात होती, कुणावर चिडत होती हे बघायचं असेल तर माझ्या मते यापेक्षा चांगली जागा अथेन्समध्ये नाही. आणि यातलं कितीतरी सगळं विहिरींतून आणि खड्ड्यांतून आलंय. या रिव्ह्यूत मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिणार आहे, कारण जाण्याआधी एवढं डोक्यात असेल तर म्युझियम दुप्पट कळतं.

आधी जागेबद्दल थोडं. अगोरा म्हणजे जुन्या अथेन्सचा मुख्य चौक, बाजार, कोर्टकचेऱ्या, सरकारी ऑफिसं, देवळं सगळं एकाच ठिकाणी. म्युझियम आहे स्टोआ ऑफ अटॅलोस नावाच्या इमारतीत, म्हणजे पर्गमॉनच्या दुसऱ्या अटॅलोस राजाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात शहराला बांधून दिलेली दोन मजली लांबलचक खांबांची ओसरी आणि मागे दुकानं. मूळ इमारत इ.स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांच्या हल्ल्यात गेली, आता आपण बघतो ती १९५० च्या दशकात जुन्या पायावर नव्याने उभारलेली आहे, पैसा मोठ्या प्रमाणावर जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांचा होता आणि उद्घाटन १९५६ साली झालं. काहींना हे नवं बांधकाम आवडत नाही, मला आवडलं, कारण बाकी सगळीकडे नुसती जोती बघून डोकं दुखायला लागतं आणि इथे पहिल्यांदा कळतं की अशी ओसरी भर उन्हात किती गार असते. उत्खनन अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही संस्था १९३१ पासून करतेय, अजून चालू आहे. त्याआधी इथे व्रिसाकी नावाची भरलेली वस्ती होती, सुमारे ४०० घरं पाडून जमीन मोकळी केली. एवढी माणसं उठवून हे खणलंय ही गोष्ट तिथे फिरताना लक्षात ठेवावी असं मला वाटतं.

आता विहिरी. जमिनीवरचं शहर पुन्हा पुन्हा लुटलं गेलं, जळलं, पर्शियन आले, मग इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला आला, मग हेरुली, आणि दर वेळी लोकांनी तेच दगड काढून नवी बांधकामं केली. त्यामुळे वर जे शिल्लक आहे ते तुकड्यातुकड्यात आहे. विहिरीत पडलेलं मात्र विहिरीतच राहिलं. गावाकडे ज्यांनी आडातला गाळ काढताना बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तळाशी दोर तुटून पडलेल्या घागरी, कळश्या, कुणाची तरी हरवलेली अंगठी असं काय काय निघतं. अगदी तसंच इथे झालंय, फक्त दोन-अडीच हजार वर्षांनी. तळाचा थर म्हणजे विहीर वापरात असतानाचा, त्यात पाणी भरताना निसटलेली भांडी, बरीचशी अख्खी किंवा एखादा कान तुटलेली. त्याच्या वरचा थर म्हणजे विहीर बंद करताना आत लोटलेला कचरा, फुटकी भांडी, कौलं, विटा, हाडं, राख, जे काही आसपास पडलं होतं ते. हा वरचा भराव बऱ्याचदा एका झटक्यात टाकलेला असतो, म्हणून त्यातल्या सगळ्या वस्तू साधारण एकाच वेळी फेकल्या गेल्या असं धरता येतं आणि तारीख लावायला त्याचा प्रचंड उपयोग होतो. एका खापराची तारीख नक्की कळली की त्याच्या संगतीतल्या दिव्याची, नाण्याची, बाहुलीचीही कळायला लागते.

या विहिरी म्हणजे आपल्या पायऱ्यांच्या बारवेसारख्या मोठ्या नाहीत हं. जेमतेम मीटरभर रुंद, सरळ खाली गेलेला आड, बाजूच्या मऊ खडकात पाय ठेवायला दोन्हीकडे खाचा. खडक ढासळू नये म्हणून नंतरच्या काळात आतून भाजक्या मातीच्या वाकड्या कड्या एकावर एक बसवलेल्या. कितीतरी दहा मीटरपेक्षा खोल आहेत. खणणारा माणूस एकटाच खाली उतरणार, टोपलीत माती भरणार, वरचे ओढून घेणार, पंपाने पाणी उपसत राहणार. हे काम करणाऱ्या ग्रीक कामगारांची नावं आपल्याला कुठल्या पाटीवर दिसत नाहीत, पण म्युझियममधलं किती सामान त्यांच्या हातून वर आलंय याचा विचार केला की मला खरंच नतमस्तक व्हायला होतं.

आता आतल्या वस्तूंकडे. सगळ्यात आधी ओस्त्राकाचं, म्हणजे नावं कोरलेल्या खापरांचं, कपाट शोधा. अथेन्समध्ये एखादा नेता डोईजड झाला की लोक खापरावर त्याचं नाव कोरून मत द्यायचे, एकूण ६००० मतं पडली की सगळ्यात जास्त नाव आलेल्याला दहा वर्षं शहराबाहेर काढायचे. खापर का तर फुकट, सगळीकडे पडलेलं, लिहायचा पपायरस तेव्हा इजिप्तहून यायचा आणि महाग होता. यातली थेमिस्तोक्लेसच्या नावाची खापरं जरूर बघा, सलामिसच्या समुद्रात पर्शियन आरमाराला हरवणारा हाच तो माणूस. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९३७ साली पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांना त्याच्या नावाची १९० खापरं एकत्र सापडली, आणि अक्षर तपासल्यावर निघालं की ती सगळी फक्त १४ जणांच्या हातची आहेत! म्हणजे कुणीतरी बसून आधीच गठ्ठाच्या गठ्ठा लिहून ठेवला होता, वाटायला. बरीच खापरं म्हणजे प्यायच्या पेल्यांचे गोल पाय आहेत, हातात धरायला सोयीचे, आणि अक्षरं कडेने गोल फिरवत कोरलेली. मी काचेला नाक लावून कितीतरी वेळ नुसती अक्षरंच बघत होतो, एकाच माणसाचं वळण दोन-तीन खापरांवर ओळखू यायला लागतं. एका राजकीय कटाचा पुरावा असा हाताच्या अक्षरासकट समोर असणं हे मला तरी कुठल्या संगमरवरी पुतळ्यापेक्षा मोठं वाटतं.

मग स्पार्टन ढाल. दिसायला काहीच नाही, काळीहिरवी पडलेली, चेपलेली, कडा फाटलेल्या, लोक सरळ पुढे निघून जातात. पण तिच्यावर टोचून लिहिलंय की अथेन्सवाल्यांनी ही पिलॉसला लॅसिडेमोनियन म्हणजे स्पार्टाच्या लोकांकडून घेतली. इ.स.पू. ४२५ ची ही लढाई, जिथे स्पार्टाच्या लोकांनी चक्क शरणागती पत्करली आणि सगळा ग्रीस हादरला, २९२ जण जिवंत पकडून अथेन्सला आणले होते. त्यांच्या ढाली जिंकल्याची खूण म्हणून लावल्या होत्या. त्यातली ही एक १९३६ साली अगोरातल्या एका बुजवलेल्या टाक्यात सापडली. इतिहासकार थ्युसिडिडीसने ज्या लढाईचं पानंच्या पानं वर्णन केलंय तिथला एक माणूस ही वस्तू हातात धरून उभा होता, आणि ती उरली कशामुळे तर कुणीतरी जुनं टाकं बुजवताना भंगार म्हणून आत टाकली म्हणून.

ब्राँझचं विजयदेवीचं छोटं मुंडकंही विहिरीतलंच, इ.स.पू. पाचव्या शतकातलं. चेहऱ्याच्या कडेने, मानेवर खोल चर दिसतात, ते सोन्याचा पत्रा अडकवायला होते. वरचं सोनं ओरबाडून नेलं आणि उरलेलं विहिरीत गेलं. थोडं बाजूने, उजेड कसा पडतो ते बघत उभं राहा म्हणजे ते चर नीट दिसतील.

पर्शियन हल्ल्याची गोष्ट मात्र कुठल्या एका वस्तूत दिसत नाही, ती समजून घेऊन मग कपाटं बघावी लागतात. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन राजा झर्क्सिसचं सैन्य येणार म्हणून सगळं शहर रिकामं झालं, बायकापोरं बोटींनी पलीकडे पाठवली, मागे शहर जाळलं गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लोक परत आले तेव्हा घरं पडलेली, भांडीकुंडी फुटलेली, आणि विहिरींचं पाणी वापरण्याजोगं राहिलं नव्हतं किंवा विहिरी ढासळल्या होत्या. त्यांनी सगळा मलबा विहिरींत लोटला, तोंडं बंद केली आणि नवीन सुरुवात केली. अशा वीसेक विहिरी आणि खड्डे अगोराच्या परिसरात ओळखले गेलेत. त्यातल्या एका घराच्या विहिरीतली भांडी कॅथलीन लिंच यांनी एकेक करून अभ्यासली, त्यात प्यायच्या भांड्यांचा मोठा भरणा आहे, म्हणजे त्या घरी मित्रमंडळी जमवून मद्यपानाची बैठक बसायची आणि त्याचा सगळा सरंजाम घरात होता. राजेरजवाड्यांच्या घरची नाही ही गोष्ट, साध्या बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरची आहे. माझ्यासाठी अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात जवळची वाटलेली माहिती हीच, कारण युद्धाच्या इतिहासात आरमारं आणि सेनापती येतात, परत आल्यावर घर झाडणारी माणसं कुठे येतात?

याहून जुन्या विहिरीही आहेत. अक्रोपोलिसच्या वायव्य उतारावर नवाश्मयुगातल्या वीसेक उथळ विहिरी सापडल्यात, म्हणजे इथलं पाणी माणसाला पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं. आणि इ.स.पू. ११०० ते ७०० च्या दरम्यानच्या विहिरींतून कुंभारकामाचा कचरा निघालाय, त्यातला एक प्रकार मला भयंकर आवडला. कुंभार फुटक्या भांड्याचा एखादा तुकडा घ्यायचा, त्याला भोक पाडायचं, वर रंगाचे चार फराटे मारायचे आणि भट्टीत ठेवायचा. भाजणी चालू असताना लांब आकड्याने तो भोकात अडकवून बाहेर ओढायचा आणि रंग बघायचा, काळा आला का, लाल राहिला का. काम झालं की तुकडा फेकून दिला, तो गेला जवळच्या विहिरीत किंवा खड्ड्यात. अशा नमुन्याच्या तुकड्यांवरून आणि बिघडलेल्या, वाकड्या झालेल्या भांड्यांवरून जॉन पापाडोपुलोस यांनी मांडलं की पुढे जिथे लोकशाहीचा चौक झाला तिथे आधी कुंभारवाडा होता. कुंभाराच्या फेकलेल्या तुकड्यावरून शहराचा नकाशा बदलतो हे मला विलक्षण वाटतं.

मराठवाड्यातल्या वाचकांना एक गोष्ट नक्की भिडेल. अथेन्सला वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. १९७९ साली जॉन कॅम्प यांनी लिहिलं की इ.स.पू. आठव्या शतकाच्या शेवटी अगोरातल्या बऱ्याच विहिरी एकदमच बंद पडलेल्या दिसतात, याचा अर्थ मोठा दुष्काळ पडला असावा. सगळ्यांना हे पटलेलं नाही, विहिरी बंद व्हायला दुसरी कारणंही असू शकतात, चौक मोकळा करायचा होता वगैरे. पण इ.स.पू. चौथ्या शतकात लोक विहिरी सोडून पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांकडे वळले हे स्पष्ट दिसतं, बाटलीच्या आकाराची टाकी, आतून पाणी झिरपू नये म्हणून गिलावा, आणि दोन-दोन टाकी बोगद्याने जोडलेली. पाण्याचा प्रश्न आणि त्यावरचे उपाय असे जमिनीत लिहिलेले दिसतात.

माझ्याबरोबर आई होती, ती ओस्त्राकांपाशी दोन मिनिटं थांबली आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी बराच वेळ. मातीच्या शेगड्या, झाकणाची भांडी, आणि लहान मुलाला शी-शूसाठी बसवायची मातीची उंच खुर्ची, पुढून पाय बाहेर काढायला भोक, खाली रिकामी जागा. शेजारी आजच्या काळातल्या बाळाला तशाच खुर्चीत बसवलेला फोटो होता. आईचं लगेच, "खालून भांडं सरकवत असणार बघ, नाहीतर धुणार कसं." मग पुढे तिने सरकारी पेल्यांवरची डेल्टा-एप्सिलॉन या ग्रीक अक्षरांची खूण हेरली, सरकारी खर्चाने जेवणाऱ्या अधिकाऱ्यांची भांडी कुणी घरी नेऊ नये म्हणून सरकारी असं चिन्ह घातलेलं असायचं. वयस्कर माणसांना बरोबर घेऊन जावं का असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो, जरूर न्या, म्युझियम सपाटीवर आहे, सावली आहे, आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त गोष्टी दिसतात.

एक विहीर अशी आहे की तिच्याबद्दल लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहितो. १९३० च्या दशकात इथे इ.स.पू. दुसऱ्या शतकातली एक विहीर खणली, तिच्यात सुमारे ४५० अर्भकांची हाडं निघाली आणि दीडशेच्या वर कुत्र्यांची. बरीच वर्षं लोक साथ, दुष्काळ, बाळांना टाकून देणं असे अंदाज बांधत होते. मारिया लिस्टन, सुझन रोट्रॉफ आणि लिन स्नायडर यांनी हाडं आणि भांडी नव्याने तपासून २०१८ मध्ये सगळं प्रसिद्ध केलं, त्यांचं म्हणणं की बहुतेक बाळं जन्मताना किंवा जन्मानंतर काही दिवसांत नैसर्गिक कारणांनी गेलेली, कित्येकांच्या हाडांवर मेंदूज्वराच्या खुणा. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या बाळांचं रीतसर दफन होत नसे, सुइणी बहुधा त्यांना या विहिरीत सोडत असाव्यात. हे वाचून आत हललं खरं, पण मला बरं वाटलं की कुणीतरी इतक्या वर्षांनी त्या हाडांना काळजीने हात लावला आणि त्यांच्या आयांवरचा टाकून दिल्याचा आरोप उतरवला.

शेवटच्या काळातल्या विहिरी पुन्हा वेगळ्या. रोमन काळात विहिरींत शिशाच्या गुंडाळलेल्या पट्ट्या टाकायचे, त्यावर शत्रूला शाप लिहिलेला, कुस्तीत हरू दे, त्याचं अंग गार पडू दे असले. आणि अरिओपॅगस टेकडीच्या उतारावर ओमेगा हाउस म्हणून जे मोठं घर निघालं तिथल्या दोन विहिरींत संगमरवरी मुंडकी आणि शिल्पं नीट ठेवलेली सापडली, इ.स. सहाव्या शतकात जुन्या देवांना मानणं अवघड झालं तेव्हा कुणीतरी लपवली असावीत असं मानतात. फेकणं आणि लपवणं यातला फरक वस्तू कशा पडल्यात त्यावरून कळतो, म्हणून विहीर घाईत उकरून चालत नाही, थराथराने जावं लागतं.

वरच्या मजल्यावर जाताना अँफोरा बघा, दोन कानांचे उंच रांजण, दारू आणि तेल बोटीतून न्यायचे. कानांवर शिक्के असतात, ऱ्होड्सचे तर त्या वर्षीच्या अधिकाऱ्याच्या नावासकट, आणि व्हर्जिनिया ग्रेस या बाईंनी आयुष्यभर हे शिक्के लावून-जुळवून तारखा बसवल्या. भूमध्य समुद्राकडच्या अशा अँफोरांचे तुकडे आपल्या नेवाशालाही निघालेत, पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या १९५४ ते ५६ च्या उत्खननात. पुण्यात राहणाऱ्यांनी डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघितलं नसेल तर आधी ते बघून या, इनामगावच्या उत्खननात निघालेल्या घरांतले खड्डे आणि रांजण डोक्यात असले की इथे जास्त रमायला होतं.

कमी काय वाटलं? माझं मत असं की एका विहिरीचा उभा छेद, तळापासून तोंडापर्यंत, कुठल्या थरातून काय निघालं हे एकाच भिंतीवर भलं मोठं दाखवलं तर कुणालाही दोन मिनिटांत सगळं समजेल. मांडणी काळानुसार आहे, ती अभ्यासाला बरोबरच आहे, पण वस्तू बघताना "ही विहिरीतली" हे आपल्याला स्वतः शोधावं लागतं. आम्ही सुरुवातीला एका चालत फिरवणाऱ्या ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव लिहीत नाही, त्यांनी म्युझियमला वीस मिनिटं दिली आणि त्यातली निम्मी बाहेरच्या गोष्टी सांगण्यात गेली. पैसे वाया. त्यापेक्षा स्वतः जा.

तयारी एवढीच करा: साइट आणि म्युझियमचं तिकीट एकच असतं, दर आणि वेळा बदलत राहतात म्हणून निघायच्या आधी सरकारी साइटवर बघा, उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली की दुपारी स्मारकं बंद ठेवतात. सकाळी उघडल्या उघडल्या आधी बाहेरची साइट आणि हेफेस्टसचं देऊळ, उन्हं चढली की म्युझियम, हा क्रम ठेवा. वस्तूचा नंबर दिसला तर फोटो काढून ठेवा, पी म्हणजे भांडी, एल म्हणजे दिवे, बी म्हणजे ब्राँझ. कारण या उत्खननाची नोंदवही, फोटो, कार्डं असं प्रचंड साहित्य संस्थेने ऑनलाइन फुकट ठेवलंय, नंबर टाकला की ती वस्तू कुठल्या विहिरीतून आली ते निघतं. विहिरींना नाव देण्याची पद्धतही सोपी आहे, साइटवर चौकटी आखलेल्या, एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे, चौकट जे-२ मधली चौथी जागा म्हणजे जे-२:४, वर सांगितलेल्या मद्यपानवाल्या घराची विहीर तीच. मी घरी येऊन रात्र रात्र हे वाचत बसलो, नोंदवहीत त्या दिवशी किती खोल गेलो आणि काय निघालं हे सगळं खणणाऱ्यांच्या हातचं आहे. म्युझियमला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, त्या ऑनलाइन नोंदींना पाचपैकी पाच.

जाताना थिसिओऐवजी मोनास्तिराकी स्टेशनवरून मेट्रो पकडा, स्टेशनच्या आतच एरिदानोस नदीचा जुना झाकलेला पाट उघडा ठेवलाय, आणि सिंताग्माला उतरलात तर तिथे काचेमागे मेट्रो खणताना निघालेले मातीचे थर दिसतात, दोन्ही बघायला मेट्रोच्या तिकिटाशिवाय वेगळा खर्च नाही.